देवाच्या हवाली

आमचा देव पत्र्याच्या डब्यात राहायचा. चहापत्तीचा जुना डबा, तळाशी भंडारा म्हणजे हळदीची पूड, आणि त्या हळदीत बुडालेला खंडोबाचा चांदीचा टाक, अंगठ्याएवढा. मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसांना देव्हारा कुठून परवडणार? माणूस निघाला की त्याच्याबरोबर देवानंही निघायचं. माझी आई, आम्ही तिला माय म्हणायचो, दर रविवारी डबा उघडायची, देवाला हळदीतून वर काढायची, त्याच्याशी काहीबाही बोलायची आणि पुन्हा झाकण लावायची. शेजारची गयाबाई तिला चिडवायची, "कोंडून ठिवलंस व्हय गं देवाला?" त्यावर माय म्हणायची, "कोंडला नाय, निजवलाय. आपल्यापायी त्याला बी लई काम पडतंय."

हे आमचं बिऱ्हाड लष्कराच्या छावणीच्या मागच्या अंगाला होतं. आमचं खरं गाव सोयगावाजवळचं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी विहिरीच्या तळाला नुसता चिखल उरला, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला आणि मायला शहरात आणून सोडलं. आता या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्या वेळी औरंगाबाद होतं, आणि आम्ही नुसतं 'शहर' म्हणायचो, जणू पृथ्वीवर दुसरं शहरच नव्हतं. गोणपाटाची पालं, पत्र्याच्या झोपड्या, मधून वाहणारी एक नाली आणि पलीकडं मोकळा माळ. त्या माळावर रोज चुन्याच्या नव्या रेघा ओढल्या जात. आज जिथं शेळ्या बसल्या तिथं महिन्याभरात भिंत उभी राहायची. पावसानं पाठ फिरवली होती आणि शहर मात्र भाद्रपदातल्या काकडीसारखं वाढत होतं. आमच्या झोपडीच्या जागेवर आता मोठी इमारत आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. मी तिथून जाताना मुद्दाम रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगते. तो विचारतो, "क्या देखना है, मावशी?" काय सांगणार त्याला!

पहाटेची जाग यायची ती पलटणीच्या बिगुलानं. त्याच्या पाठोपाठ मशिदीतली अजान, मग रविवार असेल तर चर्चची घंटा, आणि या सगळ्यांवर ताण करणारा हंड्यांचा खडखडाट. नळ एकच होता आणि त्याची लहर फिरेल तेव्हा तो यायचा. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली जाडीभरडी ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची, भाजताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची. गावाकडून आणलेलं येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, होतं, ते पाण्यात कालवून माय पातळ आमटी करायची आणि भाकरी त्यात बुडवून ठेवायची. "भिजली की तिची मिजास उतरती," म्हणायची. मला आज चांगलंचुंगलं खायला मिळतं, पण ती आमटी आठवली की तोंडाला पाणी सुटतं. त्या मिलोला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

माय नव्या बांधकामांवर घमेल्यातून गारा, म्हणजे कालवलेली चुना-माती, वाहायची. तिला ते काम मिळवून दिलं गयाबाईनं. गयाबाई बौद्ध, आडदांड बांध्याची, आवाज असा की मुकादमसुद्धा तिच्यापुढं टोपी सारखी करायचा. तिच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, आणि देव या विषयावर तिचं मत एकदम साफ होतं. पण मायचं आणि तिचं त्यावरून कधी वाजलं नाही. मला शाळेत घालायचा हट्ट गयाबाईचाच. तिनं माझं बखोटं धरलं आणि नगरपालिकेच्या शाळेत नेऊन बसवलं. वय वाढलेलं, त्यामुळं माझ्या वर्गातली सगळी पोरं माझ्या खांद्याला लागायची. तरी मला शाळा फार आवडायची. पाटीवर आपलं नाव आपल्या हातानं लिहिलं, तेव्हा मी ते पुसूच देईना.

आबा आम्हाला सोडून उरलीसुरली मेंढरं घेऊन तापीच्या काठाला निघाले. पुढं मोठा वाडा, म्हणजे मेंढक्यांचा तांडा, गेला होता. आबांची मेंढरं अशक्त, म्हणून ते मागून एकटेच. आमच्यात निघणाऱ्याला 'कधी येणार' असं विचारत नाहीत. विचारलं तर वाट लांबते म्हणतात. मायनं त्यांच्या कपाळाला भंडारा लावला, त्यांच्या खांद्यावरची घोंगडी नीट केली आणि म्हणाली, "देवाच्या हवाली." आबा म्हणाले, "तुमी बी." एवढंच. मी लहान होते, मला वाटलं यांचं भांडणबिंडण झालंय की काय.

त्यानंतर त्यांची काही खबर नाही. उन्हाळा चढत गेला. कोणी खानदेशातून आलं की माय हातातलं घमेलं खाली ठेवून चौकशीला जायची आणि परत येऊन घमेलं उचलायची. रविवारी आम्ही दोघी पायी साताऱ्याला जायचो. शहराच्या दक्षिणेला सातारा नावाच्या गावात, डोंगराच्या पायथ्याशी खंडोबाचं देऊळ आहे, तिथं. वाटेत सावली अशी नाहीच. मी कुरकुर केली की ती म्हणायची, "तुझे आबा रोज चालत्यात, आपुन आठवड्यातून एकदा." आणि खरोखर, देवळाची पायरी दिसली की तिचा चेहरा सैल व्हायचा. मला देवापेक्षा तिचा तो चेहरा बघायला जावंसं वाटायचं.

एका दुपारी शाळेतून आले तर दारात काका बसलेले. आबांचे थोरले चुलतभाऊ, गावचे कारभारी. सोबत भावकीतली दोन म्हातारी माणसं. मधोमध जमिनीवर आबांची घोंगडी ठेवलेली होती.

ही घोंगडी कोणाची, हे आमच्यात विचारावं लागत नाही. मेंढक्याची घोंगडी त्याच्या बायकोनं कातलेल्या लोकरीची असते आणि तिच्या काठाला ती आपल्या मनानं दोऱ्याचं काम करते. मायनं तांबड्या दोऱ्याच्या शेजारी शेजारी दोन ओळी घातल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात तो दोरा संपला म्हणून पुढं पिवळा. अशी घोंगडी जगात दुसरी असणं शक्य नव्हतं. मागून जाणाऱ्या, आमच्याच भागातल्या एका वाड्याला तापीच्या अलीकडं लिंबाखाली एक माणूस मेलेला सापडला होता. उन्हात बरेच दिवस पडलेला, तोंड ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. उंची आबांएवढीच. अंगावर ही घोंगडी. त्यांनी त्याला जवळच्या ओढ्याकाठी माती दिली आणि घोंगडी गावात आणून पोचवली.

"वहिनी, आता मनाची तयारी करा," काका म्हणाले. "गावाकडं चला. दिवस घालावं लागतील. बांगड्यांचं बी उरकावं लागंल."

मायनं घोंगडी मांडीवर घेतली, काठावरून बोट फिरवलं, पिवळ्या दोऱ्यापाशी थांबली. मला वाटलं आता ती टाहो फोडेल. ती म्हणाली, "घोंगडी माझीच हाय. पन घोंगडी आली, मानूस कुठं आलंय?"

"आवो, मेंढक्या जीव देईल, घोंगडी देनार नाय. तुमाला का सांगावं लागतं हे?"

"चोरली आसंल कुनी."

"मंग मेंढरं कुठं हायती? इतक्या दिसांत त्याची खबर का नाय?" काकांचा आवाज चढला नाही, उलट जड झाला. ते वाईट नव्हते. भावासाठी ते रडून आले होते, डोळे सुजले होते. "वहिनी, तो मेलाय आन् आपुन त्याचं काय बी केलं नाय, तर त्याचा जीव तिथंच लिंबाखाली घुटमळंल. हे पाप कुनाच्या माथ्यावर?"

या एका बोलण्यानं माय हलली. मी बघितलं, तिनं घोंगडी मुठीत आवळली. तरी ती म्हणाली, "देवानं मला अजून सांगितलं नाय. सांगंल तवा मीच फोडीन बांगड्या, तुमाला हात लावावा लागनार नाय."

मग त्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "पोरीचं बी वर्साच्या आत उरकून टाकावं लागंल. नायतर तीन वर्सं थांबावं लागतं." घरात मृत्यू झाला की लगीन एक तर वर्षाच्या आत, नाहीतर तिसऱ्या वर्षानंतर, हा रिवाज मला ठाऊक होता. तो माझ्यावर येईल हे मात्र ठाऊक नव्हतं. मला आबांचं दुःख आधी व्हायला पाहिजे होतं, ते झालंही, पण त्याच क्षणी मला पाटी दिसली, वर्ग दिसला.

तेवढ्यात गयाबाई दारात उभी राहिली. तिनं सगळं बाहेरून ऐकलं होतं. चोरून वगैरे नाही, झोपडीला भिंत कुठं होती! तिनं पदर खोचला. "पाव्हणं, देव हाय का नाय ते मला ठाऊक नाय. मी त्या वाटंला जात नाय. पन हिच्या बांगड्याला हिच्या मर्जीबिगर कोन हात लावतंय, ते मी बघते." काकांनी आयुष्यात कोणा बाईकडून एवढं ऐकलं नसेल. शेवटी ठरलं ते असं, की अमावास्येपर्यंत थांबायचं. अमावास्येच्या आदल्या दिवशी ते पुन्हा येतील आणि आम्हाला घेऊन जातील. मग देव सांगो की न सांगो.

माय दुसऱ्या दिवशी कामावर गेली. कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू होतं. लोकांना काय, त्यांना तोंडं आहेत. नळावर बायका कुजबुजायच्या, की डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या. शहागंजच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानापाशी माय थांबली आणि उगाच दोन बांगड्या जास्तीच्या भरून आली, तेव्हा तर मलाही तिची भीती वाटली. मी विचारलं, "माय, तुला खरंच वाटतं आबा येतील?" तिनं माझ्या केसांतला गुंता ओढला आणि म्हणाली, "वाटायचं काय त्यात? तू गनितं कर."

रविवारी साताऱ्याला गेलो. देवळात कौल लावायची सोय होती. देवाच्या दोन्ही अंगाला फूल लावायचं, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी मायच्या मागं लागले, की विचार ना, एकदाचं कळू दे. पुजारीही फूल घेऊन तयार. माय हात जोडून उभी होती, ती चटकन मागं सरली. "नको. देवाला आसं पेचात धरू नये." त्या वेळी मला तिचा राग आला. विचारायचं नाही, मग तो सांगणार कसा? आज वाटतं, तिला डाव्या फुलाची भीती होती. आणि भीती असूनही जी बाई कुंकू मोठं लावते, तिच्या श्रद्धेला मी काय नाव देऊ? आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण याला शब्द मला अजून सापडलेला नाही.

अमावास्या जवळ आली. काका येणार त्याच्या आदल्या दिवशी शाळेला सुटी होती आणि मी नळाच्या रांगेत हंडा लावून बसले होते. गयाबाई माझ्या पुढं. तेवढ्यात रस्त्याकडून एक माणूस आला. दाढी वाढलेली, पायात एकच चप्पल, दुसऱ्या पायाला चिंधी. तो रांगेतल्या बायकांना मायचं नाव सांगून झोपडी विचारत होता. गयाबाईनं आबांना कधी बघितलं नव्हतं. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, "तुमीच का ते मेलेले?"

आबा गोंधळले. "आजून तरी नाय," म्हणाले.

मी हंडा टाकून धावले. आबांना मिठी मारली की नाही ते आठवत नाही, पण त्यांच्या अंगाला येणारा मेंढरांचा वास आठवतो आणि मी 'आबा, आबा' करत राहिले हेही आठवतं. मग तशीच बांधकामावर पळत गेले. मायच्या डोक्यावर घमेलं होतं. मी खालून ओरडले. ती शिडीवरून उतरली, घमेलं जागेवर रिकामं केलं, हात धुतले, आणि चालत घरी आली. आबा दारात बसले होते. तिनं आधी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते पिऊन होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "घोंगडी कुठं हाय तुमची?"

"दिली एकाला," आबा म्हणाले.

हे ऐकताच ती मटकन खाली बसली आणि अशी रडली, अशी रडली, की गल्ली गोळा झाली. आबा घाबरून म्हणू लागले, "अगं, दुसरी करू की, येवढं काय घोंगडीचं!" त्यावर गयाबाईला हसू आवरेना, आणि मग रडता रडता मायही हसायला लागली, आणि मीही. आबा एकटेच आमच्या तोंडांकडं बघत बसले. इतकं सुटल्यासारखं मला पुढं आयुष्यात क्वचितच वाटलं. अंगावरून कोणी धोंडा उचलून बाजूला ठेवावा तसं.

जेवायला बसल्यावर आबांनी सांगितलं. तापीच्या अलीकडं लिंबाखाली एक माणूस पडला होता. कामाच्या शोधात निघालेला असावा. भर उन्हात हिवानं कुडकुडत होता. आबांची मेंढरं तहानेनं पटापट बसायला लागली होती, थांबायची सोय नव्हती. "त्याच्याजवळ पानी ठिवलं, घोंगडी टाकली आन् म्हनलं, बाबा, मला थांबता येत नाय. तुला देवाच्या हवाली करतो. नावगाव इचारायचं बी ऱ्हायलं." पुढं ते सातपुड्याच्या अंगाला गेले, मेंढरं निम्मी मेली. उरलेली एका ओळखीच्या वाड्यात सोडून ते ट्रकनं आम्हाला बघायला थेट इकडं आले होते. "येताना त्या लिंबाखाली मुद्दाम उतरलो. कोनी नव्हतं. म्हनलं, बरं झालं. हिव उतरलं, गेला आपल्या घरी."

माय भाकरी वाढत होती. ती थांबली. मी तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं, की आता हिला सांगावं लागणार. तिनं कोपऱ्यातली घोंगडी आणून त्यांच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. आबांनी हातातला घास ताटात ठेवला. पिवळ्या दोऱ्याचा तो कोपरा त्यांनी हातात धरला. "मेला?" एवढंच म्हणाले. आणि मग, "मी थांबायला पायजे होतं का गं?" मायनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. जेवण तिथंच राहिलं.

तिन्हीसांजेला गयाबाई येऊन बसली. तिनं विचारलं, "खरं सांग, येवढा भरवसा व्हता तुला देवाचा?" माय दिव्याची वात सारत होती. "भरवसा कसला? रोज सकाळी बांगड्याकडं बघायची आन् वाटायचं, आज जात्यात या. पन सोडून दिलं आसतं तर धरायला दुसरं व्हतं काय माझ्याकडं?" गयाबाईनं बाटली उचलून दिव्यात तेल ओतलं. वादात ती सहसा हरायची नाही, पण हा वाद नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे काका आले. आबा दारात बसून दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. काकांनी जिथल्या तिथं 'येळकोट येळकोट जय मल्हार' अशी आरोळी ठोकली आणि बरोबरचा म्हातारा तर मागच्या मागं नालीत पडता पडता राहिला. गुळाचा चहा झाला. जाताना काकांनी मायच्या पायाला हात लावला. थोरल्या दिरानं भावजयीच्या पाया पडणं आमच्यात होत नाही. माझ्या लग्नाचं नाव कोणी काढलं नाही, आणि सोमवारी मी शाळेत गेले.

पण मायनं एक काम केलं, ते मला त्या वयात समजलं नाही. नवरा घरात धडधाकट बसलेला असताना तिनं त्या परक्या माणसाचं सुतक पाळलं. डोक्याला तेल नाही, घरात गोड नाही, आणि दहाव्या दिवशी भात शिजवून कावळ्याला घास ठेवला. आबांनी स्वतः तो पानावर वाढला. मी विचारलं, "आपला कोण होता तो?" माय म्हणाली, "कुनाचा तरी व्हता. तिकडं त्याची बायकू बी देव धरूनच बसली आसंल. मोठं कुंकू लावून."

"मग देवानं त्याला का नाही आणलं?"

"ते मला इचारू नको. मी बी त्यालाच इचारनार हाय."

आणि तिनं विचारलं. सुतक फिटल्यावरच्या रविवारी आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. आबांसाठी बोललेला नारळ तिनं फोडला, भंडारा उधळला, पण नंतर ती गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी बराच वेळ उभी राहिली. ओठ हलत होते. चेहरा हात जोडलेल्या माणसाचा असतो तसा नव्हता, नळावर हक्काच्या पाण्यासाठी भांडताना असायचा तसा होता. बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "काय म्हणाला देव?"

"काय नाय. ऐकून घेतलं त्यानं."

डोंगराकडून ऊन अंगावर येत होतं. पायरीवरून उतरल्यावर आबा नव्या चपला शोधत मागं रेंगाळले. माय थांबली. रानोमाळ हिंडताना आमच्या बायका गड्याच्या मागं चालतात की पुढं, याचा कधी कोणी विचार केला नसेल. पण मायनं त्यांच्या कपाळावरचा भंडारा बोटानं सारखा केला आणि त्यांना खांद्याला धरून आमच्या पुढं केलं.

"तुमी म्होरं चला," ती म्हणाली, "मला दिसत ऱ्हावा."